कँटनच्या वखारीतली पत्रे कशी वाचावीत : दंग्याच्या एका दिवसाचे टिपण

सांगलीच्या हळद बाजारात मी तीस वर्षे एका अडत दुकानात दिवाणजी होतो. निवृत्तीनंतर आम्ही पाच-सहा जण एक छोटे अभ्यासमंडळ चालवतो आणि पाळीपाळीने प्रत्येकाने एकेक विषय मांडायचा, असा आमचा शिरस्ता आहे. माझ्या पाळीला मी एकोणिसाव्या शतकातल्या कँटन बंदरातील परदेशी व्यापाऱ्यांचा विषय घेतला आणि १२ डिसेंबर १८३८ च्या दंग्याचा एक उतारा भाषांतर करून वाचला. आठ-दहा हजारांचा जमाव, खिडक्यांवर येणारे दगड, आतून अडसर लावलेले दरवाजे, असे ते वर्णन होते आणि मंडळी रंगून ऐकत होती. वाचन संपल्यावर मागे बसलेले एक जुने हमाल म्हणाले, “दिवाणजी, ते सगळं खरं हाय, पर दगड उचलायच्या आदी काय झालं हुतं?” मला उत्तर देता आले नाही, कारण मी निवडलेला उताराच मुळी पहिल्या दगडापासून सुरू होत होता.

पुढचे वर्षभर मी तो आधीचा तास शोधत वाचन केले आणि त्यातून एक पद्धत हाताला लागली. परदेशी पेढ्यांची पत्रे, रोजनिशा आणि आठवणी वाचून दंग्याच्या एका दिवसाचे चार-पाच पानी टिपण कसे तयार करावे, ते येथे सांगतो. इतिहासाची पदवी त्यासाठी लागत नाही. इंग्रजी सावकाश वाचता यावे आणि रोजमेळ-खतावणी उलगडण्याइतका धीर असावा, एवढे पुरे.

बंदर एक, दिवस एक

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे अफूच्या व्यापाराचा आणि त्यावरून झालेल्या युद्धांचा सगळा काळ एका टिपणात कोंबणे. बंदर एकच घ्यावे आणि दिवसही एकच घ्यावा. कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, हे सुरुवातीला सर्वांत सोयीचे आहे, कारण १७५७ मध्ये चीनच्या सम्राटाने पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार या एकाच बंदरापुरता मर्यादित केला आणि पहिले अफू युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे खुली होईपर्यंत सगळ्या परदेशी पेढ्या तेथे एका ओळीत, एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एका पेढीत जे घडे ते शेजारच्या पेढीच्या पत्रातही येई आणि त्यामुळे पडताळा घेता येतो. शांघायचा मोह अनेकांना होतो, तथापि तेथे १८५३ मध्ये बंडखोरांनी तटबंदीचे शहर घेतल्यापासून निर्वासित, भाड्याची घरे, जकात आणि परदेशी पलटणी यांचा इतका गुंता होतो की पहिल्याच टिपणात तो झेपत नाही.

कँटनमधले निवडण्याजोगे दिवस असे : १२ डिसेंबर १८३८, २४ मार्च १८३९, ७ डिसेंबर १८४२ आणि ८ जुलै १८४६. १४ डिसेंबर १८५६ च्या रात्री या वखारी जळाल्या त्या कायमच्या, परंतु तो दिवस दुसऱ्या अफू युद्धातला आहे आणि त्यात तोफांचा आवाज इतका मोठा आहे की रस्त्यावरच्या माणसाचा ऐकू येत नाही. म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या टिपणासाठी राखून ठेवावा.

निवडलेल्या वर्षासमोर आपल्याकडच्या घटना मांडून ठेवाव्यात. १८३९ च्या वसंतात कँटनमध्ये परदेशी व्यापारी वखारींत कोंडले गेले होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले. दोन्ही घटनांचे कागद त्या काळी मुंबईच्या एकाच सरकारी दप्तरात, कदाचित एकाच कारकुनाच्या टेबलावरून गेले असतील, असे मनात आले की चीन एकदम जवळ येतो.

नकाशा जमिनीवर काढावा

पुस्तकातला नकाशा पाहून काम भागत नाही. फरशीवर खडूने काढावा. खाली नदी काढावी आणि तिला मोती नदी असे नाव द्यावे. नदीच्या काठाला समांतर सुमारे ३०० मीटर लांबीची इमारतींची ओळ काढावी. मार्केट यार्डात हळदीचे तीस ट्रक एकामागे एक उभे राहिले तर जेवढी रांग होईल तेवढीच ती होती आणि युरोप-अमेरिकेचा चीनशी होणारा जवळजवळ सारा कायदेशीर समुद्री व्यापार या रांगेत मावत होता. नदी आणि इमारती यांच्यामध्ये मोकळे पटांगण आणि इमारतींच्या ओळीला छेद देणाऱ्या अरुंद गल्ल्या दाखवाव्यात. त्या गल्ल्यांत खलाशांना दारू, रेशीम, शोभेच्या वस्तू विकणारी दुकाने दाटीने होती. ओळीच्या मागे चिनी पेठ आणि ईशान्येला शहराचा तट येतो. त्या तटाच्या आत परदेशी माणसाला जाता येत नसे.

ज्या पटांगणात हे व्यापारी संध्याकाळी फेऱ्या मारत, तेथेच फळवाले, न्हावी, भविष्य सांगणारे आणि रिकामटेकडे बघे येत. व्यापाऱ्यांना ते आपले अंगण वाटे, तर कँटनच्या लोकांना ती नदीकाठची सार्वजनिक जागा वाटे. बहुतेक दंगे याच पटांगणात किंवा त्याला लागून सुरू झाले आहेत. नकाशावर हे बोटाने दाखवता आले म्हणजे टिपणाचे निम्मे काम झाले.

एका वखारीचा उभा छेदही काढून ठेवावा. तळमजल्यावर हिशेबाची खोली, गुदाम, नोकरांच्या खोल्या आणि लोखंडी दाराची दगडी तिजोरीखोली. तिच्या समोर फरसबंद चौक आणि तेथे चांदी तोलण्याचे काटे मांडलेले. वरच्या मजल्यावर जेवणाचे दालन आणि त्याच्याही वर निजण्याच्या खोल्या. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, अशी आपल्या जुन्या पेठेतली रचना ज्याने पाहिली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की या बिऱ्हाडात बायका-मुले नव्हती. वखारीत परदेशी स्त्रियांना येण्यास मनाई होती, त्यामुळे कुटुंबे मकावला, म्हणजे नदीच्या मुखाशी असलेल्या पोर्तुगीजांच्या ठाण्यात, राहत आणि व्यापारी साधारण ऑक्टोबरपासूनचा हंगाम कँटनमध्ये काढून पुन्हा मकावला परतत. १८३० मध्ये काही इंग्रज आणि अमेरिकन स्त्रिया कँटनला येऊन राहिल्या, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी व्यापार थांबवण्याची तंबी दिली आणि त्यांना माघारी जावे लागले.

शब्द : येथे मराठी वाचक दोन पावले पुढे असतो

या पत्रांतले निम्मे चमत्कारिक शब्द आपल्या घरातले आहेत. इंग्रज वाचकाला ‘श्रॉफ’ या शब्दासाठी तळटीप लागते. आपल्याला ‘सराफ’ एवढे कानावर पडले की पुरते. कँटनच्या प्रत्येक वखारीत चांदीचे स्पॅनिश डॉलर वाजवून, घासून, तोलून पाहणारा एक चिनी पारखी असे आणि त्याला हाच शब्द होता. पारख झाल्यावर नाण्यावर पेढीची खूण ठोकली जाई, तिला ‘चॉप’ म्हणत. तो शब्द म्हणजे आपला ‘छाप’. दहा पेढ्यांतून फिरलेले नाणे इतके ठोकले जाई की त्यावरचा स्पेनचा राजा दिसेनासा होई आणि शेवटी त्याचे तुकडे होऊन ते फक्त वजनावर चाले. सरकारी परवान्यालाही ‘चॉप’च म्हणत, तेव्हा वाक्य पाहून ठरवावे की येथे नाणे आहे की कागद. ‘चिट’ ही चिठ्ठी आहे. शांघायचा प्रसिद्ध ‘बंड’ हा नदीकाठचा बांध आहे आणि त्याचा बंडाशी काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण देवनागरीत तो शब्द आला की आमच्या मंडळातला कोणी तरी हमखास फसतो. ‘मँडरिन’ हा अधिकारी पोर्तुगीज आणि मलाय भाषांतून फिरून आलेला आपला ‘मंत्री’ आहे.

तरीही एका शब्दाने मराठी भाषांतरकारांना फार छळले आहे. तो म्हणजे ‘फॅक्टरी’. त्याचे भाषांतर ‘कारखाना’ असे केलेले मी छापील मजकुरात पाहिले आहे आणि मग चहाच्या गोण्यांऐवजी वाचकाच्या डोळ्यांसमोर धुराडी उभी राहतात. राजापूरला आणि सुरतेला जी इंग्रजांची ‘वखार’ होती, तीच ही. चारशे वर्षे मराठीत असलेला नेमका शब्द टाकून दुसरा शोधण्याचे कारण नाही.

काही पदांना मात्र आपला शब्द अर्धवटच बसतो. ‘काँप्रदोर’ हा वखारीचा चिनी कारभारी. नोकर ठेवणे, बाजारहाट, तिजोरीच्या किल्ल्या हे सारे त्याच्याकडे असे आणि त्याला दिवाणजी म्हणण्याचा मोह मला व्यवसायामुळे होतो. ‘लिंग्विस्ट’ म्हणजे दुभाष्या, पण त्याला सरकारी परवाना असे आणि परदेशी माणसाने काही आगळीक केली तर पहिला दंड त्यालाच होई. ‘हाँग’ व्यापारी म्हणजे परदेशी व्यापाराचा मक्ता असलेले मोजके चिनी सावकार. त्यांच्यापैकी एकाचे दिवाळे निघाले तर त्याचे परकीय कर्ज बाकीच्यांनी मिळून फेडायचे, अशी सक्ती होती. त्यांच्यातला अग्रणी हावक्वा (१७६९–१८४३) हा त्या काळातल्या जगातल्या सर्वांत धनवान माणसांपैकी एक मानला जातो. पत्रांत त्याचे व्यापारी नाव येते आणि चिनी कागदांत वू पिंगच्येन हे खरे नाव येते. ही दोन वेगळी माणसे समजून एकाने केलेले काम दुसऱ्याच्या खात्यावर लिहिण्याची चूक मी स्वतः केली होती.

तारीख, वजन, चांदी

तारखांचे काम सोपे आहे. चिनी महिना आपल्या मराठी महिन्यासारखाच अमावास्येला संपतो आणि त्यांच्याकडेही अधिक महिना येतो. वखारीतल्या परदेशी लोकांना महिन्याच्या ८, १८ आणि २८ तारखेला दुभाष्याबरोबर, दहापेक्षा जास्त नाही अशा बेताने, नदीपलीकडच्या बागांत फिरायला जाण्याची मुभा होती. हे दिवस म्हणजे ढोबळ मानाने शुद्ध अष्टमी, वद्य तृतीया आणि वद्य त्रयोदशी. दौग्वांग सम्राटाचे अठरावे वर्ष म्हणजे १८३८. वजनात १०० कॅटींचा एक पिकल आणि तो सुमारे ६० किलोंचा. पत्र लंडनला पोहोचायला चार-पाच महिने लागत आणि एकाच पत्राच्या प्रती दोन-तीन जहाजांनी पाठवल्या जात. म्हणून एकच मजकूर दोनदा सापडला तर दोन साक्षीदार मिळाले, असे समजू नये.

चांदीच्या प्रवासाला मात्र थोडा वेळ द्यावा. इंग्रजांना चहा हवा होता आणि चीनला त्यांचा माल फारसा नको होता. हा खड्डा भरला हिंदुस्थानातल्या अफूने. बंगालकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती, पण माळव्याची अफू संस्थानी मुलखातून मुंबईला येई आणि तेथून जहाजाने चीनला जाई. कँटनच्या वखारीत ती सहसा नसे. ती मोती नदीच्या मुखातल्या लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर साठवलेली असे. गिऱ्हाईक वखारीत चांदी मोजून देई, त्याला चिठ्ठी मिळे आणि ती दाखवून तो रात्री वल्ह्यांच्या वेगवान होडीतून माल उचले. सौदा पेठेत आणि माल हरिपूरच्या पेवात, ही आमच्या हळदीची जुनी रीत ज्याला माहीत आहे त्याला लिंटिन एका वाक्यात कळते. फरक असा की पेवातल्या हळदीवर कोणत्याही सरकारने बंदी घातलेली नव्हती. एखादा व्यापारी पत्रात “आमच्या वखारीत अफूची एकही पेटी नाही” असे शपथेवर लिहितो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. म्हणून पत्र वाचण्याआधी त्या महिन्याचा हिशेब वाचावा, म्हणजे पत्रात काय गाळले आहे ते दिसू लागते.

दगडाच्या आधीचा तास

आता मुख्य काम. एका आडव्या कागदावर दिवसाचे तास लिहावेत. निवडलेल्या दिवसाबद्दल जेवढी पत्रे, वृत्तपत्रांतल्या बातम्या आणि सरकारी खलिते मिळतील त्यांतले प्रत्येक वाक्य ज्या तासाचे असेल त्या तासासमोर टिपावे आणि पुढे ते कोणाचे, कधी लिहिलेले, हे लिहावे. त्याच रात्री लिहिलेले वाक्य आणि चाळीस वर्षांनी लिहिलेले वाक्य यांसाठी वेगळी शाई वापरावी. मी निळी आणि हिरवी वापरतो. हा कागद भरला की एक गोष्ट बहुधा प्रत्येक वेळी दिसते : जमाव चालून आल्यापासूनचे तास गच्च भरलेले असतात आणि त्याआधीचा एक तास जवळजवळ कोरा असतो. शोध त्या कोऱ्या जागेचा घ्यायचा.

१२ डिसेंबर १८३८ चा माझा कागद अखेर असा भरला. सकाळी चिनी अधिकारी एका अफूविक्याला घेऊन पटांगणात आले. त्याला अमेरिकन झेंड्याच्या काठीजवळ, परदेशी लोकांच्या डोळ्यांदेखत फाशी द्यायची, म्हणजे हा माल कोणाचा आहे ते सर्वांना दिसेल, असा हेतू होता. खांब रोवला गेला, तंबू उभा राहिला. तेव्हा वखारींतले परदेशी लोक बाहेर आले, “हे पटांगण आमचे आहे” म्हणून हुज्जत घातली आणि खलाशांनी तो खांब व तंबू मोडून टाकला. अधिकारी कैद्याला घेऊन दुसरीकडे गेले. तोपर्यंत बघ्यांची गर्दी जमली होती, पण ती नुसती बघतच होती. मग काही परदेशी तरुण हातांत काठ्या घेऊन त्या गर्दीत घुसले आणि तिला मागे रेटू लागले. पहिला दगड त्यानंतर आला.

पुढची दुपार पत्रांत भरभरून आहे. परदेशी लोक वखारींत परतले, दारांना पिंपे लावली, रिकाम्या बाटल्या फोडून दारासमोर काचा पसरल्या. काचा कोणासाठी पसरल्या असतील, हे आमच्या जुन्या हमालांना सांगावे लागले नाही. त्यांनी आपसूक पायांकडे पाहिले. दोन अमेरिकन तरुण छपरांवरून चढून मागच्या बाजूने हावक्वाकडे पोहोचले, त्याने अधिकाऱ्यांना निरोप धाडला आणि संध्याकाळी शिपायांनी पटांगण मोकळे केले. हा छपरांवरचा प्रवास फार चित्तवेधक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे, कारण टिपण लिहिताना आपण नकळत त्या दोघांबरोबर छपरावर चढतो आणि खालची माणसे वरून दिसतात तशी, म्हणजे नुसती डोकी, दिसू लागतात.

८ जुलै १८४६ चा दिवस याहून लहान आणि माझ्या मते याहून बोलका आहे. पहिले अफू युद्ध होऊन गेले होते, नानकिंगचा तह झाला होता, इंग्रजांचा तोरा वाढला होता. कॉम्प्टन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ४ जुलैला वखारींजवळच्या एका फळवाल्याची मांडणी लाथेने उलथून टाकली. चार दिवसांनी त्याने पुन्हा एका फेरीवाल्याला मारहाण केली. लोक जमले, दगड आले, परदेशी लोकांनी बंदुका बाहेर काढल्या आणि तीन चिनी माणसे मेली. इंग्रज अधिकाऱ्यांनी कॉम्प्टनला २०० डॉलर दंड केला, पण हाँगकाँगच्या न्यायालयाने तो रद्द ठरवला. या घटनेचे टिपण करताना दंगा मधोमध ठेवू नये. ती उलथलेली मांडणी मधोमध ठेवावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना घटना लावाव्यात : आधी वर्षानुवर्षे साचत गेलेले जागेचे भांडण, नंतर गोळीबार, नंतर दंड आणि तो रद्द होणे. गणपती पेठेत सकाळी रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसणाऱ्या बाईला कोणी “ऊठ इथून” म्हणतो तेव्हा आजूबाजूचे लोक कसे थबकतात, हे ज्याने पाहिले आहे त्याने हे पान जरूर लिहावे.

७ डिसेंबर १८४२ च्या दिवशी कोऱ्या तासात आपलीच माणसे सापडतात. त्या दिवशीच्या दंग्यात इंग्रजांची वखार जळाली आणि त्याची ठिणगी जहाजांवरच्या हिंदी खलाशांच्या व स्थानिक विक्रेत्यांच्या भांडणातून पडली. शहरात आधीपासूनच इंग्रजांविरुद्ध भित्तिपत्रके लागली होती आणि सभा होत होत्या, तेव्हा ठिणगी आणि दारूगोळा यांची नोंद वेगळी ठेवावी. इंग्रज पत्रलेखक खलाशांवर सगळे ढकलून मोकळा होतो. मराठी लेखकाने तसे करू नये आणि आपले म्हणून त्यांना निर्दोषही ठरवू नये.

कोंडलेल्या घरातले दिवस

सगळी पत्रे भयाचीच नसतात. १८३९ च्या मार्चमध्ये सम्राटाचा विशेष आयुक्त लिन झशू याने अफू हवाली करण्याचा हुकूम दिला आणि २४ मार्चला वखारींतले सगळे चिनी नोकर काढून घेतले. सुमारे ३५० परदेशी माणसे, त्यांत मुंबईचे पारशी व्यापारीही, सहा आठवडे तेथे अडकली. या काळातले लिखाण वाचताना स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. ज्या घरात जेवणाची चंगळ असे, तेथे लक्षाधीश पेढीवाल्याने भात शिजवायला घेतला आणि तो खळीसारखा चिकट झाला, असे त्याचाच एक सहकारी नंतर हसत लिहितो. पटांगणात पहारा होता, नदीत होड्यांच्या रांगा होत्या, पण पहारेकऱ्यांपैकी बरेच जण हाँग व्यापाऱ्यांच्याच घरचे हमाल होते आणि रात्री त्यांच्याच हातून हावक्वाकडचे खाण्याचे जिन्नस आत पोहोचत.

लंडनला गेलेल्या अर्जांत हाच काळ ‘तुरुंगवास’ आणि ‘उपासमार’ म्हणून येतो. दोन्ही कागद एकाच माणसांचे असू शकतात. कोंडी खरीच होती आणि भीतीही खरी होती, पण अर्ज भरपाईसाठी लिहिलेला असतो आणि आठवण मित्रांसाठी, हा भेद टिपणात एका ओळीत तरी नोंदवावा. अखेर २०,२८३ पेट्या हवाली झाल्या आणि ३ जूनपासून नदीच्या मुखाजवळच्या हूमेन येथे मीठ व चुना घातलेल्या पाण्याच्या खड्ड्यांत ती अफू नष्ट करण्यात आली. त्या पेट्यांपैकी पुष्कळशा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी विक्रीसाठी पाठवलेल्या होत्या. पेढी कँटनची, माल मुंबईचा आणि सही इंग्रज अधिकाऱ्याची, असा तो तिढा होता. नानकिंगच्या तहातल्या २ कोटी १० लाख डॉलरांपैकी ६० लाख या अफूपोटी होते.

पत्र न लिहिणारी माणसे

मुंबईच्या बाजूचे कागद मुंबईतच चाळता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) तरुणपणी स्वतः अनेकदा चीनला गेले होते आणि १८०५ मध्ये त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले तेव्हा त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा डॉक्टर होता. पुढे हे दोघे चीनच्या व्यापारात भागीदारासारखे वागले. जमशेटजींची पत्रपुस्तके मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि सरकारी खलिते मुंबईच्या पुराभिलेखागारात. सांगलीहून रात्रीच्या गाडीने जाऊन दोन दिवसांत एका महिन्याचे कागद पाहून होतात. जाताना पेन्सिल न्यावी, आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी आणि पहिल्या दिवशी फक्त तारखांची यादी करावी.

दुभाषे, होडीवाले, सराफ, हमाल यांची पत्रे नाहीत. त्यांना गाठण्याचा मार्ग म्हणजे खर्चाच्या नोंदी. एखाद्या महिन्यात पहारेकऱ्यांना दिलेली बक्षिसी, होडीचे वाढलेले भाडे, दुभाष्यावर बसलेला दंड, दोन दिवस बंद पडलेली मजुरी या रकमा जमाव जमण्याच्या आठवडाभर आधीच हलू लागतात. दिवाणजीचा डोळा येथे कामी येतो. बाजारात तंटा होणार असेल तर आमच्या रोजमेळात आदल्या दिवशी हमालीच्या रकान्यात त्याची चाहूल लागे, हे मी स्वतः पाहिले आहे.

लिहिताना

इंग्रजी पत्रात प्रत्येक गर्दीला एकच शब्द असतो. मराठीत आपल्याकडे गर्दी, जमाव, घोळका, दंगा, उठाव असे निरनिराळे शब्द आहेत. कागदावरच्या तासांप्रमाणे ते बदलत न्यावेत. बघे आहेत तोवर गर्दी म्हणावे, काठ्या बसल्यानंतर जमाव म्हणावे आणि दगड सुरू झाल्याशिवाय दंगा म्हणू नये. कँटनजवळच्या सानयुआनली येथे मे १८४१ मध्ये गावकरी हत्यारे घेऊन इंग्रज फौजेवर चालून गेले; त्याला उठाव म्हणणेच योग्य. ‘चिन्यांनी हल्ला केला’ असे कर्त्यासह वाक्य आले की थांबून विचारावे की हे कोणते चिनी : हावक्वा, दंडाधिकाऱ्याचे शिपाई, की काचांवरून चालणारे? १८३८ च्या त्या एकाच दिवसाच्या हकिकतीत हे तिघेही आहेत.

टिपण मंडळात वाचायचे असेल तर आधी फरशीवरचा नकाशा दाखवावा, मग तासांचा कागद भिंतीला लावावा आणि वाचन कोऱ्या तासापासून सुरू करावे. एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत ठेवावा. दुसऱ्या वेळी मी असेच केले. त्या वेळी ते जुने हमाल पुढच्या रांगेत बसले होते आणि कॉम्प्टनचा दंड रद्द झाल्याचे वाचले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की दोनशे डॉलर म्हणजे फळांच्या किती टोपल्या. तेव्हापासून रकमेसमोर त्या दिवसाच्या बाजारभावाचा एक रकाना मी कागदावर वाढवला आहे.